उरणचे रस्ते आणि घरातली किल्ली

उरण तालुक्याच्या अलीकडच्या इतिहासात १९८९ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी २६ मे रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. आणि त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १ जुलै रोजी, नवा मोटार वाहन कायदा देशभर अमलात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. परंतु आज उरणच्या कोणत्याही फाट्यावर सकाळी कॉलेजच्या वेळेस अर्धा तास उभे राहिले, तर त्या दोहोंची गाठ तेथे रोज पडत असल्याचे दिसून येते. बंदराने रस्त्यावर चाळीस फुटी कंटेनर आणले. कायद्याने अठरा वर्षांखालील मुलास त्या रस्त्यावर मोटार वाहन चालवण्यास मज्जाव केला. कंटेनर आले ते वाढतच गेले. मज्जाव मात्र कागदावर राहिला. आणि तो कागदावर राहण्यास सरकारइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, आपली घरे जबाबदार आहेत.

कायदा करणाऱ्यांना वाढत्या मुलांची गरज ठाऊक नव्हती असे नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास पन्नास सी.सी.पर्यंतच्या इंजिनाची दुचाकी परवाना काढून चालवता येईल, अशी सवलत त्यांनी ठेवली. १९७२ साली बाजारात आलेली ‘लूना’ ज्यांना आठवते, त्यांना या सवलतीमागची दृष्टी सहज उमगेल. शाळामास्तर, कारकून, फेरीवाले यांचे ते वाहन सायकलीचे मोठे भावंडच होते. त्याला पेडल होते, चढावर प्रसंगी त्याचा आधार घ्यावा लागे, आणि वेगाची हौस भागवण्याची त्याची कुवतच नव्हती. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावे असे ते वाहन होते. आज दुकानात उभी असलेली बिनगिअरची स्कूटर बहुधा ११० किंवा १२५ सी.सी.ची असते आणि कान पिळताच पाहता पाहता ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठते. तिला ती सवलत लागू नाही. विजेवरच्या दुचाकींपैकीही ज्यांची शक्ती २५० वॉटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, त्यांनाच परवान्यातून सूट आहे. तरीही ‘गिअर नाही, म्हणजे परवाना नको’ हा समज आपल्याकडे सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेला आहे. सवलत ‘लूना’ची आणि वाहन भलतेच, असा हा प्रकार आहे.

वाहन बदलले त्याहूनही रस्ता अधिक बदलला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात या बंदराने वीस फुटी कंटेनरच्या मापाने सत्तर लाखांहून अधिक कंटेनरांची उलाढाल केली. त्यांतील काही रेल्वेने जातात. बहुतेकांचा प्रवास रस्त्यानेच होतो. पळस्प्यापासून बंदरापर्यंतचा ३४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, गव्हाण फाटा, जासई, दास्तान, करळ हा सारा पट्टा या वाहतुकीने व्यापला आहे. कंटेनरांची गोदामे दिघोडे, कोप्रोलीच्या बाजूला पसरली, तसे जे रस्ते कालपर्यंत बैलगाडीचे आणि भाताच्या भाऱ्यांचे होते त्यांवरही ट्रेलर फिरू लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, शिवडीहून चिर्ल्यापर्यंत येणारा जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू या संदर्भात विचार करण्यासारखा आहे. या सेतूवर मोटारसायकलींना प्रवेश नाही. वेगवान आणि अवजड वाहतुकीत दुचाकी सुरक्षित राहू शकत नाही, हे शासनाने तेथे फलक लावून मान्य केले आहे. मात्र सेतू उतरून चार पावले पुढे आले की तीच अवजड वाहने आणि त्यांच्या शेजारून, एका स्कूटरवर तिघे, असे पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी हे दृश्य कोणालाही खटकत नाही. सेतूवर प्रौढ, परवानाधारक दुचाकीस्वाराला जो धोका आहे, तो करळच्या वळणावर अकरावीतल्या मुलाला नाही, असे आपण मानतो की काय?

अल्पवयीन चालकाचा विषय निघाला की अलीकडे सर्वांना पुणे आठवते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका आलिशान मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, त्यावरून देशभर संताप उसळला आणि पुढे मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. तो संताप योग्यच होता. परंतु त्या प्रकरणाचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की हा श्रीमंतांचा रोग आहे, कोट्यवधींच्या मोटारी, मद्यालये आणि बिघडलेली मुले यांचा हा विषय आहे, अशी सामान्य माणसाने स्वतःची समजूत करून घेतली. उरणमधल्या शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी ना तशी मोटार असते ना तसा थाट. तेथे असते ती हप्त्यावर घेतलेली स्कूटर, आणि ती घेऊन मुलगा जातो तो शिकवणीला. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन बापांत फरक नाही.

हा मुद्दा पालकांनी नीट समजून घेतला पाहिजे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९९-अ हे नवे कलम घालण्यात आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जाईल, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होईल, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल, आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळणार नाही, असे ते कलम सांगते. मुलाने वाहन पालकांच्या संमतीनेच नेले असे न्यायालय गृहीत धरते. आपल्या नकळत नेले, किंवा आपण योग्य ती सारी दक्षता घेतली होती, हे पालकाला सिद्ध करावे लागते. ज्या घरात किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, त्या घराने ही दक्षता कशी सिद्ध करावयाची? शिवाय विम्याचा प्रश्न आहे. चालकापाशी वैध परवाना नसेल तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते, अथवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. बळी पडलेला माणूस कुटुंबाचा पोशिंदा असेल तर ही रक्कम किती होईल याची कल्पना नोकरदार माणसाने आपला पगार समोर ठेवून करावी. एका संध्याकाळच्या सोयीसाठी साडेबारा टक्क्यांतला भूखंड गहाण पडू शकतो. पण येथेही एक तारतम्य राखले पाहिजे. दंडाच्या भीतीने किल्ली लपवणारा पालक दंड टळेल असे दिसताच ती पुन्हा बाहेर काढतो. भीती वाटावयास हवी ती मुलाच्या जिवाची आणि त्याच्या हातून जाणाऱ्या परक्या जिवाची.

पालक किल्ली देतात ते सारे लाडापोटी देतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे खरी अडचण असते. खारकोपर ते उरण ही लोकल १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली आणि अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली हे खरे. परंतु स्थानकापासून गावापर्यंतच्या वाटेचे काय? चिरनेर, खोपटे, केगाव, करंजा या गावांतल्या मुलाला कॉलेज, शिकवणी आणि घर यांचा मेळ बसच्या फेऱ्यांवर घालता येत नाही. वडील पाळीवर गेलेले, आई घरकामात, आजीचे औषध संपलेले, अशा वेळी घरातला ‘मोठा’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाकडेच पाहिले जाते. यात प्रतिष्ठेचा भागही थोडा मिसळलेला असतो. जमिनीचा मोबदला हाती आला तेव्हा त्याचे पहिले दृश्य रूप अनेक दारांत मोटारसायकलीचे होते, आणि मुलाने ती लहानपणीच ‘मारता’ येणे ही कौतुकाची गोष्ट ठरली. ‘आमचा बाळ्या नववीत असल्यापासून चालवतो’ हे वाक्य बापाने अभिमानाने सांगितलेले कोणी ऐकले नाही? अडचण खरी आहे, पण ती मुलाच्या अंगावर टाकणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

यावर दुसरे एक उत्तर नेहमी तयार असते. ‘आधी ट्रेलरवाल्यांना आवरा, रस्त्यावर उभी केलेली धुडे हटवा, खड्डे बुजवा, मग आमच्या पोरांना शिकवा.’ या तक्रारीतले एकही अक्षर खोटे नाही. रात्री दिव्यांविना रस्त्याच्या कडेला उभे असलेले ट्रेलर हा उरणकरांच्या जिवावरचा घाला आहे, आणि त्यासाठी बंदर प्राधिकरण, सिडको, वाहतूक पोलीस आणि गोदामांचे मालक यांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु रस्ता धोक्याचा आहे, हे कारण मुलाला त्या रस्त्यावर पाठवण्याचे कसे होऊ शकते? समुद्र खवळला आहे असे बंदर खात्याला ओरडून सांगावयाचे आणि त्याच वेळी मुलाला होडी देऊन पाठवावयाचे, असे मोऱ्याचा किंवा करंज्याचा कोणताही कोळी करणार नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण ते रोज करतो.

या रस्त्यावरचा धोका नेमका कशात आहे हे मुलांना कोणी समजावून सांगत नाही. लांब ट्रेलर डावीकडे वळणार असेल तेव्हा चालक आधी थोडा उजवीकडे जातो, कारण पुढची चाके रुंद वळण घेत असली तरी मागची चाके आतून, कोपरा कापत येतात. मागून येणाऱ्या मुलाला वाटते, ट्रेलर उजवीकडे चालला. डावीकडची मोकळी जागा पाहून तो आत घुसतो. चालक उजव्या बाजूस उंचावर बसलेला असतो. डाव्या दरवाजाखालचा मोठा भाग त्याला आरशातही धड दिसत नाही. मुलगा जेथे आहे तेथे तो आहे, हे चालकाला ठाऊकच नसते. आणि ठाऊक झाले तरी चाळीस टनांच्या घरातले वजन क्षणात थांबत नाही. उरणच्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष स्वतः ट्रेलर चालवतात किंवा गोदामात काम करतात. हे ज्ञान शाळेच्या पुस्तकात नाही, ते त्यांच्यापाशी आहे. उभ्या ट्रेलरच्या चालकाच्या आसनावर मुलाला एकदा बसवावे, स्वतः खाली डाव्या चाकापाशी उभे राहावे आणि विचारावे, ‘मी दिसतो का?’ दहा व्याख्यानांनी जे होणार नाही ते या एका प्रश्नाने होईल.

वेगाचे गणितही असेच सांगावयास हवे, आणि येथे शिक्षकांना मोठी संधी आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यात १७ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी वीसएक मीटर लागतात. म्हणजे एकूण सदतीस मीटर. वेग ४० असेल तर हेच अंतर सुमारे वीस मीटर होते. पावसाळ्यात, चिखलाने आणि सांडलेल्या तेलाने माखलेल्या रस्त्यावर हे अंतर पुष्कळच वाढते. रात्री स्कूटरच्या मंद झोतात काळा ट्रेलर तीस मीटरांवर दिसला, तर साठच्या वेगातील मुलाचे पुढे काय होणार हे सातवीतला विद्यार्थीही पाटीवर मांडून सांगेल. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणे होय. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर मुलगा बसला तर आई किंचाळून उठते. तोच मुलगा पन्नासच्या वेगाने अंगणातून बाहेर पडला तर ती दारातून हात हलवते, कारण उंची डोळ्यांना दिसते, वेग दिसत नाही.

तरुण वयाचा दोष म्हणजे मूर्खपणा नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाची दृष्टी आणि हातापायांची चपळाई बापापेक्षा सरस असते. वाहन हाताळण्याचे कसब तो आठवड्यात शिकतो. त्याच्यापाशी नसते ते अनुभवाने येणारे अनुमान. पुढची रिक्षा अकस्मात थांबेल, बसच्या आडून माणूस येईल, हे त्याला अजून ‘वाटत’ नाही. आवेग आवरण्याची आणि परिणाम जोखण्याची मेंदूची शक्ती विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. आणि मागे मित्र बसला असेल तर होती तीही सावधगिरी ढळते. हे ओळखून न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. नवशिक्याला आरंभी रात्री एकट्याने वाहन चालवता येत नाही, समवयस्क मित्र बरोबर नेता येत नाहीत. जसजसा अनुभव वाढतो तसतशी बंधने सैल होतात. पुढे अमेरिकेतील राज्यांनी आणि इतर देशांनी ती पद्धत स्वीकारली, आणि तिने तरुण चालकांचे अपघात घटले. आपल्या कायद्यात अशी पायरी जवळजवळ नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी मुलगा परीक्षेस बसू शकतो, आणि उत्तीर्ण झाला की त्याच रात्री तिघा मित्रांसह महामार्गावर जाण्यास मोकळा होतो. जी पायरी कायद्याने बांधलेली नाही ती घराने बांधावयाची आहे.

ती बांधणे अवघड नाही. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत किल्ली द्यावयाची नाही, हा पहिला आणि बिनशर्त नियम. ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’ हा अपवादही नको, कारण कोपरा रोज थोडा लांब जातो. अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना, वाहनावर पुढे-मागे ‘एल’ची खूण, आणि मागे बसणारा कोणी असेल तर तो शिकवणारा परवानाधारकच, शिकाऊ चालकाने मित्राला मागे बसवणे नियमाविरुद्ध आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने फक्त दिवसा, फक्त एकट्याने आणि बंदराच्या रस्त्याला वगळून. पहिला पावसाळा वडिलांनी मागे बसून काढावा. त्यानंतर रात्र, आणि सर्वांत शेवटी महामार्ग. ही वेळापत्रके मुलावर लादू नयेत. त्याच्याशी बोलून ठरवावीत आणि ठरल्यावर मोडू नयेत. आपल्या घरांतून मुलांशी बोलणे म्हणजे एक तर हुकूम सोडणे नाहीतर कपाळाला हात लावणे. वाहनाच्या निमित्ताने तिसरा प्रकार सुरू झाला तर तो लाभच म्हणावयाचा.

दोन गोष्टी आयांसाठी मुद्दाम सांगावयाच्या आहेत. मुलगा रस्त्यावर असताना त्याला ‘कुठवर आलास?’ म्हणून फोन करू नये. आईचा फोन मुलगा टाळत नाही. तो हेल्मेट आणि कान यांच्यात यंत्र खुपसून उत्तर देतो, आणि काळजीपोटी केलेला फोन काळजीचे कारण ठरतो. पोहोचल्यावर त्यानेच कळवावे. दुसरे असे की ‘आठला घरात नसलास तर बघ’ ही धमकी मुलाला लवकर निघावयास शिकवत नाही, वेगाने यावयास शिकवते. त्याऐवजी, ‘उशीर झाला तर कळव, गाडी तिथेच ठेव, बाबा न्यायला येतील, आणि त्या रात्री कोणी काही बोलणार नाही’ असे वचन द्यावे आणि पाळावे. जाब सकाळी विचारता येतो.

आणखी एक विषमता या प्रश्नात दडलेली आहे. ज्या घरात मुलाला चौदाव्या वर्षी गाडी मिळते, त्याच घरात मुलीला अठरा पूर्ण झाल्यावरही ‘तुला कशाला हवी, दादा सोडेल’ असे सांगितले जाते. म्हणजे परवाना काढण्यास पात्र असलेली बहीण मागे बसते आणि पात्र नसलेला भाऊ पुढे. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींची वाट अडवली जाणार असेल तर ती सुरक्षितता नव्हे. नियम वयाचा असावा आणि तो दोघांना सारखाच लागू असावा. अठरा वर्षांच्या, रीतसर शिकलेल्या मुलीच्या हाती किल्ली देणारे घर आपोआपच पंधरा वर्षांच्या भावाला ‘तुझी पाळी अजून यावयाची आहे’ असे सांगत असते.

परंतु या साऱ्या नियमांचे वजन वडिलांच्या डोक्यावर काय आहे यावर अवलंबून आहे. मुले उपदेशाने शिकतात त्याहून अधिक पाहून शिकतात. बाप उघड्या डोक्याने, मुलीला पुढे उभी करून, उलट्या दिशेने बाजारात शिरतो, ते पाहत मूल दहा वर्षे वाढते. त्याला अकराव्या वर्षी नियम सांगून काय उपयोग? केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के होते, आणि हेल्मेट न घातल्यामुळे प्राण गमावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यांतले चौदा हजारांहून अधिक लोक मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. उरणमध्ये गंभीर जखमीला बहुधा पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते, आणि तीही याच कोंडलेल्या रस्त्याने. जेथे रुग्णालय दूर तेथे हेल्मेट हाच पहिला वैद्य आहे. घरात जितकी माणसे गाडीवर बसतात तितकी, मानचिन्ह असलेली हेल्मेटे असावीत, आणि त्यांचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा. कोपरावर अडकवलेले हेल्मेट कोपरही वाचवत नाही.

शाळा-महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलावा. आवाराच्या फाटकावर ‘विद्यार्थ्यांच्या वाहनांना बंदी’ असा फलक लावून जबाबदारी संपत नाही. वाहने शेजारच्या गल्लीत उभी राहतात एवढेच होते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी कसा येणार हे पालकांकडून लिहून घेता येईल. एका गावातून किती मुले येतात याची यादी प्राचार्यांच्या टेबलावर असेल, तर त्या यादीच्या आधारे बसची फेरी आणि तिची वेळ मागता येईल. एकट्या पालकाचा अर्ज टोपलीत जातो. फुंड्याच्या महाविद्यालयापासून गावोगावच्या माध्यमिक शाळांपर्यंत सर्वांनी मिळून, आकडे देऊन केलेली मागणी टाळणे एस.टी.ला, नवी मुंबईच्या परिवहन उपक्रमाला आणि सिडकोलाही जड जाईल. ज्या बंदरामुळे रस्ता धोक्याचा झाला, त्याने या मुलांसाठी निर्धोक बस आणि सायकलींचा वेगळा मार्ग यांचा भार उचलावा, ही मागणी भिकेची नव्हे, हक्काची आहे.

हक्काची भाषा उरणला नवी नाही. पनवेल, उरण आणि ठाणे बेलापूर पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेतल्या जात असताना, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथला शेतकरी रस्त्यावर उतरला. दास्तान फाटा आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. ज्या फाट्यांवर ते रक्त सांडले त्याच फाट्यांवरून आज त्या पिढीची नातवंडे स्कूटरवर जातात. त्या पिढीने जमीन राखण्याचा हट्ट धरला तो पुढच्या पिढीसाठीच. त्या लढ्यात एक एकटे घर कधी उभे राहिले नव्हते. गाव उभे राहिले होते. या प्रश्नातही तेच खरे आहे. एकाच घराने किल्ली नाकारली तर तो मुलगा मित्राच्या गाडीवर मागे बसतो. गावच्या बैठकीत, ग्रामसभेत, महिला मंडळात पालकांनी एकत्र येऊन ठरवले, की आमच्या गावात अठरा वर्षांखालील मुलाला कोणीही, काका-मामांनीसुद्धा, गाडी द्यावयाची नाही, तर मुलाला ‘सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही’ असे म्हणण्यास जागा उरणार नाही. आणि बापाला ‘नाही’ म्हणताना एकटे वाटणार नाही.

दरवर्षी दहावीचा निकाल लागतो. पेढे वाटले जातात आणि त्याच संध्याकाळी अनेक घरांत कबूल केलेल्या गाडीचा विषय निघतो. गुण मिळाले ते मुलाच्या कष्टाचे. त्यांचे कौतुक व्हावयासच हवे. चांगली सायकल घ्यावी, लोकलचा पास काढून द्यावा, हवा तो अभ्यासक्रम निवडण्याची मोकळीक द्यावी. गाडीचा शब्द दिला गेला असेल तर तो मोडू नये, दोन वर्षे पुढे ढकलावा, आणि का ढकलला ते त्याला शांतपणे सांगावे. मुलगा चार दिवस रुसेल, जेवणार नाही, दार आपटेल. तो रुसवा ज्या घरात ऐकू येतो, त्या घरातला मुलगा सुखरूप आहे.